सांध्यातली वाट

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत म्हैस माजावर आली की मालकाचा पहिला फोन जातो तो कृत्रिम रेतन करणाऱ्या डॉक्टरांना. डॉक्टर मोटारसायकलवरून येतात. मागे पट्ट्याने आवळून बांधलेला कंटेनर असतो. झाकण काढले की पांढरी वाफ काठावरून ओघळते आणि वर न जाता जमिनीकडे उतरते. त्या वाफेत चिमटा घालून ते एक बारीक कांडी बाहेर काढतात, कोमट पाण्यात थोडा वेळ धरतात आणि कामाला लागतात. कंटेनरात द्रवरूप नायट्रोजन असतो. त्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. निरपेक्ष शून्यापासून मोजले तर ७७ अंश, म्हणजे ७७ केल्विन. ज्या गावात गोकुळ दूध संघाचा पशुखाद्य कारखाना आहे आणि जिथली सकाळ दुधाच्या कॅनच्या आवाजाने होते, तिथे या थंडीचे कुणाला अप्रूप नाही. पोरेसुद्धा लांब उभी राहून बघतात आणि शाळेला जातात.

याच ७७ आकड्याने १९८७ साली साऱ्या जगातल्या भौतिकशास्त्रज्ञांची झोप उडवली होती. त्या वर्षी माणसाला पहिल्यांदा असा पदार्थ मिळाला, जो एवढ्याच थंडीत विजेला शून्य रोध करतो. ती बातमी पुष्कळांना ठाऊक आहे. मला सांगायची आहे ती तिच्या पोटातली दुसरी गोष्ट: दोन पदार्थ जिथे एकमेकांना टेकतात त्या सांध्याची. त्या सांध्यातून वीज कशी पलीकडे जाते, या प्रश्नावर गेली ६०-६५ वर्षे जगात जे काम झाले, त्याची एक मनापासून केलेली शाखा गडमुडशिंगीपासून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर, शिवाजी विद्यापीठाच्या माळावर वाढली.

सुरुवात मात्र फार लांबून करावी लागेल.

१९११ साली हॉलंडमधल्या लायडन गावी हाइके कामरलिंग ओन्नेस यांनी पारा थंड करत करत ४.२ केल्विनपर्यंत नेला आणि त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झालेला पाहिला. अतिसंवाहकता ती हीच. तिच्यासाठी द्रवरूप हेलियम लागत असे. हेलियम दुर्मीळ, महाग, आणि ते द्रवरूप करायला भली मोठी यंत्रसामग्री हवी. त्यामुळे पुढची ७५ वर्षे हा विषय श्रीमंत प्रयोगशाळांच्या दारातच राहिला. ही घटना घडते तरी का, याचे उत्तर १९५७ मध्ये जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर यांनी दिले. थंडीत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात, आणि या सगळ्या जोड्या एका ठेक्यात चालतात.

ठेका हा शब्द मी मुद्दाम वापरला. कोल्हापुरात लेझीमचे पथक ज्याने पाहिले आहे त्याला पुढचे सोपे जाईल. शंभर पोरे आपापल्या मनाने हातवारे करत असतील तर गर्दीत धक्के बसतात, पाऊल अडते. तीच शंभर पोरे हलगीच्या एका ठेक्यावर आली की सारे पथक एक अंग होऊन पुढे सरकते, कुणाचा कुणाला अडथळा होत नाही. साध्या तारेतले इलेक्ट्रॉन म्हणजे ती गर्दी, अतिसंवाहकातले म्हणजे ते पथक.

आता मध्ये भिंत घाला. इलेक्ट्रॉन हा नुसता कण असता तर भिंतीपाशी थांबला असता. पण तो लाटेसारखाही वागतो, आणि लाट भिंतीच्या पृष्ठभागावर कापल्यासारखी संपत नाही. ती आत शिरते आणि झपाट्याने क्षीण होत जाते. भिंत जाड असेल तर आतच विरते. भिंत काही अणूंएवढीच पातळ असेल तर पलीकडे थोडी उरते, आणि ती जेवढी उरली तेवढी इलेक्ट्रॉन पलीकडे सापडण्याची शक्यता. याला क्वांटम टनेलिंग म्हणतात. नाव बोगद्याचे असले तरी कुणी बोगदा खणत नाही. भिंतीला भोक पडत नाही, इलेक्ट्रॉनाची ऊर्जा खर्च होत नाही, आणि तरी तो पलीकडे असतो.

१९६० च्या वसंतात अमेरिकेतल्या स्कनेक्टडीला, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत, इव्हार गियाव्हर या नॉर्वेहून आलेल्या यांत्रिकी अभियंत्याने हे अतिसंवाहकात करून पाहिले. त्याचे भौतिकशास्त्राचे शिक्षण तेव्हा नोकरी सांभाळत चालले होते. त्याने काचेवर ॲल्युमिनियमची पट्टी बसवली, तिला हवा लागू दिली, म्हणजे तिच्यावर आपोआप ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आला. वर शिशाची पट्टी आडवी टाकली. सांधा तयार. शिसे अतिसंवाहक झाले की सांध्यातला प्रवाह बदलला. जोडी फोडायला जेवढी ऊर्जा लागते तेवढा विद्युतदाब दिल्याशिवाय इलेक्ट्रॉन पलीकडे जाईनात. बार्डीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदावर मांडलेली ऊर्जेची ती फट गियाव्हरला साध्या मापकावर वाचता आली. मला हा प्रयोग फार आवडतो. ॲल्युमिनियमला हवेत जो थर येतो तो कुठल्याही डब्यावर, पातेल्यावर असतोच. त्या थराकडे भिंत म्हणून बघायला मात्र नजर लागते.

त्याच्या पुढची पायरी केंब्रिजला चढली गेली. १९६१-६२ मध्ये फिलिप अँडरसन तिथे पाहुणे म्हणून शिकवत होते आणि समोर ब्रायन जोसेफसन नावाचा २२ वर्षांचा विद्यार्थी बसत होता. त्याने हिशेब मांडला की सांध्याच्या दोन्ही बाजूंना अतिसंवाहक असतील तर एकेकटे इलेक्ट्रॉनच काय, अख्ख्या जोड्या पलीकडे जातील, आणि तेही दाब न देता. लेझीमच्या भाषेत सांगायचे तर पातळ भिंतीच्या दोन बाजूंना दोन पथके खेळत आहेत आणि भिंतीतून एकाचा ठेका दुसऱ्याला ऐकू येतो. दोन ठेक्यांत जेवढा फरक, त्यानुसार प्रवाह ठरतो. फरक स्थिर राहिला तर प्रवाह एका दिशेने वाहत राहतो. बाहेरून दाब दिला की एका पथकाची लय वाढते, फरक सतत पालटत राहतो आणि प्रवाह पुढे-मागे हेलकावू लागतो. एका मायक्रोव्होल्टला सेकंदाला सुमारे ४८ कोटी ३६ लाख हेलकावे. हे प्रमाण इतके पक्के निघाले की पुढे जगाने व्होल्टचे मोजमापच त्यावर बांधले.

जोसेफसनचा लेख जुलै १९६२ मध्ये छापून आला. बार्डीन यांना तो पटला नाही. जोड्या भिंतीच्या आत टिकणारच नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते त्यांनी छापूनही मांडले. त्या सप्टेंबरात लंडनच्या परिषदेत दोघे समोरासमोर आले: एकीकडे ट्रान्झिस्टरसाठी नोबेल मिळवलेले, अतिसंवाहकतेच्या सिद्धान्ताचे जनक, आणि दुसरीकडे पीएच.डी.ही पूर्ण न झालेला पोरगा. १९६३ च्या सुरुवातीला अँडरसन आणि जॉन रोवेल यांनी बेल प्रयोगशाळेत तो प्रवाह प्रत्यक्ष मोजला. पोरगा बरोबर होता. १९७३ चे नोबेल त्याला, गियाव्हरला आणि अर्धवाहकांत टनेलिंग दाखवणाऱ्या लिओ एसाकींना मिळून मिळाले.

त्याच १९६२ च्या १८ नोव्हेंबरला राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. एका वर्षात दोन गोष्टी घडल्या एवढ्यावरून त्यांचे नाते लागत नाही, हे मला कळते. पण ४० वर्षांनी त्या माळावर सांध्याचाच अभ्यास व्हायचा होता, म्हणून ती तारीख माझ्या मनात जोसेफसनच्या लेखाशेजारी बसली आहे.

नाते लागते ते एका घराण्यामुळे. गणितज्ञ विष्णू वासुदेव नारळीकर यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूरचा. पुढे ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गेले. त्यांचे थोरले चिरंजीव जयंतराव, जन्म १९३८, तोही कोल्हापुरातलाच. त्यांना महाराष्ट्रात कोण ओळखत नाही? धाकटे अनंत नारळीकर मात्र सामान्य वाचकाला फारसे माहीत नाहीत, याची मला खंत वाटते. १९६० च्या दशकात तेही केंब्रिजला होते. थोरले बंधू आकाशाकडे बघत होते, तर हे डेव्हिड ड्यू-ह्यूजेस यांच्याबरोबर ठोकून-ताणून विकृत केलेल्या नायोबियमच्या मिश्रधातूंत अतिसंवाहकता कशी बदलते ते तपासत होते. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत त्यांनी अतिसंवाहक पदार्थांचे काम दीर्घकाळ सांभाळले. १९८३ मध्ये एस. एन. एकबोटे यांच्यासह त्यांचे अतिसंवाहकतेवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. उच्च तापमानाचे अतिसंवाहक अवतरल्यावर १९८९ पासून त्यांनी संपादित केलेली संशोधन-ग्रंथांची मालिका देशोदेशीच्या लोकांनी वापरली. पदार्थातल्या खोटीकडे, वाकण्याकडे, तुटीकडे लक्ष देणारा हा माणूस होता. पुढच्या सगळ्या गोष्टीत ती खोटच मुख्य पात्र आहे.

१९८६ मध्ये झुरिकजवळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेऑर्ग बेडनॉर्झ आणि अलेक्स म्यूलर यांना लँथेनम, बेरियम आणि तांबे यांच्या एका ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता दिसली. ऑक्साइड म्हणजे भाजलेल्या मातीच्या जातीचा पदार्थ. अशात वीज नीट वाहत नाही, मग रोधाशिवाय वाहणे तर दूरच, अशी सर्वांची समजूत होती. १९८७ च्या आरंभी पॉल चू, एम. के. वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँथेनमच्या जागी यिट्रियम घातले आणि आकडा ९३ केल्विनवर गेला. ७७ मागे पडले. हेलियमची गरज संपली. १८ मार्च १९८७ ला न्यूयॉर्कच्या हिल्टन हॉटेलात भौतिकशास्त्रज्ञांची सभा पहाटेपर्यंत चालली, लोक जिन्यांत आणि बोळांत उभे राहून ऐकत होते. नोबेल समितीनेही वेळ घेतला नाही. त्याच वर्षी बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना पारितोषिक मिळाले.

भारतात बेंगळुरूला सी. एन. आर. राव यांच्या गटाने त्याच मार्चमध्ये हे यिट्रियमचे संयुग नेमके कोणते ते स्वतंत्रपणे ओळखले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र, दिल्लीत राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, सगळीकडे भट्ट्या पेटल्या. आणि इथेच लहान ठिकाणांना वाव मिळाला. यिट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट, कॉपर ऑक्साइड तोलून घ्यायचे, खलात घोटायचे, ९०० अंशांच्या वर भाजायचे, दाबून वडी करायची, ऑक्सिजनमध्ये हळूहळू निववायची. काळी वडी हाती यायची. वर द्रवरूप नायट्रोजन ओतला की तिच्यावर चुंबक तरंगायचे. हेलियमचा खर्च ज्यांना जन्मात परवडला नसता अशा विद्यापीठांत हे करता येऊ लागले. नायट्रोजन तर दुधाच्या जिल्ह्यात डॉक्टरांच्या गाडीवरूनच फिरत होता.

मग अडचण आली. वडीतून मोठा प्रवाह जाईना. अतिसंवाहक आहे, चुंबक तरंगते, पण प्रवाह जरा वाढवला की अतिसंवाहकता मोडते. वडी म्हणजे असंख्य बारीक कणांचा गठ्ठा, आणि दोष कणांमध्ये नसून कणांच्या सांध्यांत होता. भिंतीच्या विटा पक्क्या आणि दरजा कच्च्या, तसे. शिशात किंवा ॲल्युमिनियममध्ये एका जोडीचा पसारा मोठा असतो, शिशात सुमारे ८० नॅनोमीटर, म्हणून एखाद-दुसरी खोट ती सहज ओलांडते. या नव्या ऑक्साइडांत तो पसारा एका-दोन नॅनोमीटरचा, काही दिशांनी त्याहूनही कमी. एवढ्याशा जोडीला कणांमधली बिघडलेली सीमा म्हणजे भिंतच. १९८८ मध्ये आयबीएममध्येच डायमॉस, प्रवीण चौधरी आणि मानहार्ट यांनी हे मोजून दाखवले. दोन स्फटिक एकमेकांशी कोनात जोडले आणि तो कोन १० अंशांच्या पुढे गेला की सांध्यातून जाणारा प्रवाह झपाट्याने घसरतो. चौधरी आपल्याकडचे, खरगपूरच्या आयआयटीत शिकलेले.

तार करणाऱ्यांनी या सांध्याला शिव्या घातल्या असतील. पण जोसेफसनचा हिशेब ज्यांना ठाऊक होता त्यांना दिसले की ही तर आयती भिंत आहे. गियाव्हरची पद्धत इथे चालत नव्हती. या ऑक्साइडांचा पृष्ठभाग हवेने, ओलाव्याने बिघडतो, ऑक्सिजन सोडतो, आणि अगदी वरचा नॅनोमीटरच खराब झाला तर टनेलिंगला काही उरतच नाही, कारण जोडीचा सारा पसाराच तेवढा. निसर्गाने कणांच्या सीमेवर तयार केलेला सांधा मात्र आतमध्ये, झाकलेला. दिल्लीत नीरज खरे आणि ए. के. गुप्ता यांनी यिट्रियमच्या वडीतल्या अशा आयत्या सांध्यांवरच स्क्विड चालवून दाखवले. स्क्विड म्हणजे सांधा घातलेले अतिसंवाहक कडे. हृदयाच्या ठोक्याबरोबर उमटणारे अत्यंत क्षीण चुंबकत्वही मोजता येईल अशा उपकरणांचे ते मूळ. दिल्लीचे ते स्क्विड नायट्रोजनच्या थंडीत चालले.

सांध्याने आणखी एक गुपित फोडले, आणि माझ्या मते या सगळ्या काळातले ते सर्वात सुंदर आहे. शिशातल्या जोड्यांची घडण सर्व दिशांनी सारखी, गोल. या ऑक्साइडांतल्या जोड्या मात्र रांगोळीतल्या चार पाकळ्यांच्या फुलासारख्या निघाल्या: शेजारच्या पाकळ्यांची चिन्हे उलटी, एक अधिक, एक उणे, आणि पाकळ्यांच्या मधल्या दिशांना ऊर्जेची फटच नाही. हे सिद्ध कसे करायचे? १९९४ मध्ये आयबीएमच्या त्सुए आणि कर्टली यांनी तीन स्फटिक ठरावीक कोनांत एका बिंदूपाशी जोडले आणि त्या बिंदूभोवती अतिसंवाहक कडे कोरले. पाकळ्यांची चिन्हे खरेच उलटी असतील तर कड्याभोवती फिरताना ठेका कुठेतरी अर्ध्या मात्रेने चुकणार, आणि ती चूक भरून काढायला कड्यात आपोआप प्रवाह सुरू होणार. तसेच झाले. कड्यात चुंबकीय क्षेत्राच्या मूळ मात्रेचा नेमका अर्धा भाग आपोआप अडकलेला सापडला. कुणीही वीज दिलेली नव्हती.

आता कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात पातळ थरांची परंपरा आधीपासून होती. सौरघटांसाठी कॅडमियम सेलेनाइडसारख्या अर्धवाहकांचे थर द्रावणातून बसवायचे, यात या विभागाचा हात बसलेला होता. मोठ्या संस्था अतिसंवाहकांचे पातळ थर निर्वात पात्रात, महागड्या लेसरने पदार्थ उडवून बसवत होत्या. प्रा. एस. एच. पवार यांच्या गटाने आपल्या घरची वाट धरली: विद्युत-निक्षेपण. म्हणजे मुळात मुलामा चढवण्याचेच तंत्र. गडमुडशिंगीवरून जाणारा रस्ता पुढे हुपरीला पोहोचतो, आणि हुपरीतला चांदीचा कारागीर द्रावण, वीज आणि धातू यांचे हे नाते पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. विद्यापीठातले काम वेगळ्या प्रतीचे, वेगळ्या हेतूचे होते. तरी थराखाली पाया म्हणून घेतलेला धातू चांदीच होता. ही गोष्ट मला दर वेळी सुखावते.

बेरियम आणि कॅल्शियम हे धातू पाण्याला शिवताच पाण्याशी भांडतात. म्हणून पाण्याऐवजी डायमिथाइल सल्फॉक्साइड हा सेंद्रिय द्रव घेतला. त्यात पारा, बेरियम, कॅल्शियम आणि तांबे यांचे क्षार विरघळवले, चांदीची पट्टी ऋण टोकाला लावली. वीज सलग न देता ठोके देत, थांबत थांबत दिली, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये पट्टीजवळचे द्रावण पुन्हा भरून येते आणि थर बारीक कणांचा, एकसारखा बसतो. हा झाला मिश्रधातूचा थर. त्याला अतिसंवाहक करायचे तर आत ऑक्सिजन घालायला हवा.

इथे या गटाने केलेले काम मला विशेष मोलाचे वाटते. हवेच्या साध्या दाबात पाऱ्याची ही ऑक्साइडे सर्वात उंच तापमानाला अतिसंवाहक होतात. १९९३ मध्ये झुरिकला शिलिंग आणि सहकाऱ्यांनी त्यांत १३३ केल्विनचा आकडा गाठला होता. पण ती करणे जिकिरीचे. पारा तापला की उडतो, विषारी वाफ होते, म्हणून काचेच्या बंद नळीत कोंडून भाजावे लागते आणि नळी फुटायची भीती असते. कोल्हापुरात नव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत पी. एम. शिरगे, डी. डी. शिवगण आणि पवार यांनी भट्टीच वगळली. थर बसलेली पट्टी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात घेतली आणि विजेची दिशा उलटी केली. पट्टी आता धन टोकाला, आणि ऑक्सिजन थरात शिरू लागला. सगळे खोलीच्या तापमानाला.

भट्टी गेल्याचा फायदा सांध्याला झाला. अतिसंवाहकावर अर्धवाहक बसवायचा तर ९०० अंशांत दोन्ही एकमेकांत मिसळून सांधा राहतच नाही. सगळेच काम खोलीच्या तापमानाला होत असेल तर सीमा जागच्या जागी राहते. मग चांदी, तिच्यावर पाऱ्याच्या ऑक्साइडचा अतिसंवाहक, त्याच्यावर कॅडमियम सेलेनाइड, असा तीन मजली सांधा त्यांनी उभा केला. या अतिसंवाहकात वाहक धन असतात, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा. कॅडमियम सेलेनाइडमध्ये ऋण, म्हणजे इलेक्ट्रॉनच. दोन्ही भेटले की सीमेवर देवघेव होते आणि अतिसंवाहकातली वाहकांची संख्या हलते. या ऑक्साइडांत सगळे काही त्या संख्येवर अवलंबून असल्यामुळे अतिसंवाहकतेचे तापमानही हलते. नुसत्या थराचा आकडा ११५ केल्विनच्या आसपास होता, वर सेलेनाइड बसवल्यावर तो ११७ च्या आसपास गेला. मग त्यावर हेलियम-निऑन लेसरचा, शाळा-कॉलेजांत असतो तसल्या लेसरचा, दोन मिलिवॉटचा लाल प्रकाश सोडला, आणि आकडा १२० च्या घरात पोहोचला. प्रवाह वाहून नेण्याची क्षमताही वाढली.

लाल प्रकाशच का, हे थोडक्यात सांगतो. कॅडमियम सेलेनाइडमधला इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे १.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. त्या लेसरच्या एका प्रकाशकणात जवळजवळ १.९६ असते. म्हणजे लाल प्रकाश पुरतो, आणि मोकळे झालेले धन वाहक सीमेवरून अतिसंवाहकाच्या बाजूला जातात, अशी त्या गटाची मांडणी होती. सौरघटासाठी वर्षानुवर्षे घोटलेला पदार्थ अतिसंवाहकाच्या कामी आला.

हा जोसेफसनचा निखळ सांधा नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. दोन अतिसंवाहकांमधली पातळ भिंत इथे नाही. अतिसंवाहक आणि अर्धवाहक यांची ही भेट आहे, प्रकाशाने उघडमीट होणारी. पण ज्या काळात जगात बहुतेकांना या ऑक्साइडांवर स्वच्छ सीमा घडवणे जड जात होते, त्या काळात कमी साधनांत, उष्णता टाळून सीमा राखण्याचा हा मार्ग होता. आपल्याकडे विज्ञानाचा इतिहास लिहिताना अशा कामाला एक ओळही मिळत नाही, हे मला बोचते.

कोल्हापुरात हे चालू असताना जगात सांध्याचा प्रश्न आणखी खोल गेला होता. १९९२ मध्येच जर्मनीत राइनहोल्ड क्लाइनर आणि पॉल म्यूलर यांनी दाखवले होते की बिस्मथ असलेल्या अतिसंवाहक ऑक्साइडचा स्फटिक स्वतःच सांध्यांची चळत असतो. तांबे-ऑक्सिजनचे थर अतिसंवाहक, मधले थर भिंती, आणि दोन थरांत अंतर फक्त दीड नॅनोमीटर. वाळूच्या कणापेक्षा लहान तुकड्यात शेकडो सांधे, माणसाने एकही न बसवलेले.

दुसरा प्रश्न होता तो असा: एकेक इलेक्ट्रॉन भिंतीतून जातो, जोडी जाते, पण सांध्याचा ठेका, म्हणजे कोट्यवधी जोड्यांची मिळून झालेली ती एकच स्थिती, अडथळ्यातून टनेलिंग करते का? १९८४-८५ मध्ये बर्कलेला जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनी जुन्या प्रकारच्या अतिसंवाहकांच्या सांध्यात हे घडताना पकडले होते. हाताने धरता येईल अशा मंडलात क्वांटम नियम राज्य करतात, हे त्यातून ठरले. ऑक्साइडांत हे दिसेल का, याची मात्र बहुतेकांना शंका होती. चार पाकळ्यांच्या मधे ऊर्जेची फट नसल्यामुळे तिथून सुटे इलेक्ट्रॉन निसटणार आणि ठेका बिघडवणार, असा हिशेब होता. २००५ मध्ये स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात थिलो बाउख यांच्या गटाने यिट्रियमच्या त्याच बदनाम सांध्यात, दोन स्फटिकांच्या कोनी सीमेत, ते टनेलिंग मोजले. त्याच वर्षी जपानमध्ये इनोमाता आणि सहकाऱ्यांनी बिस्मथच्या स्फटिकातल्या आयत्या सांध्यांत मोजले. सुटे इलेक्ट्रॉन भीती होती तेवढा घात करत नव्हते. पण तापमान? जपानी सांध्यात एका केल्विनच्या आसपास खाली यावे लागले, स्वीडिश सांध्यात तर एका केल्विनच्या विसाव्या भागाएवढ्या थंडीत. उच्च तापमानाचे म्हणून गाजलेले हे पदार्थ या एका प्रश्नासाठी ओन्नेसच्या हेलियमपेक्षाही खाली न्यावे लागले.

२०२५ च्या ऑक्टोबरात क्लार्क, देव्होरे आणि मार्टिनिस यांना नोबेल जाहीर झाले. त्या आठवड्यात आमच्या गोठ्यात डॉक्टर आले होते. कांडी काढून झाली होती, झाकण अजून बाजूला होते. मी बोलत राहिलो आणि ते ऐकत राहिले. विद्यापीठातल्या त्या थराबद्दल सांगितले तेव्हा त्यांनी कंटेनरात बघत विचारले,

"म्हंजे ती पट्टी ह्यात सोडली तर चालंल?"

"चालेल. अतिसंवाहक होईल. कणांचे सांधे नीट असले तर जोड्या त्यांतून पलीकडे जातील."

"आन्‌ ते नोबेलचं?"

"ते इथं नाही दिसायचं. ही थंडी त्याला फार उबदार पडते."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मोजपट्टी काढली, कंटेनरात तळापर्यंत घातली, बाहेर काढून हवेत दोनदा हलवली. जिथवर नायट्रोजन होता तिथवर पट्टीवर पांढरे हिम धरले. त्यांनी बोटे न टेकवता ती रेघ वाचली.

"पाच इंच हाय. सोमवारी भरून आणतो," म्हणाले आणि झाकण बसवले.